जुन्या सर्कस मालकांच्या नातवंडांना खुलं पत्र: त्या पगाराच्या वह्या रद्दीत घालू नका

जुन्या सर्कस मालकांच्या आजच्या वारसदारांनो,

नमस्कार. तुमच्यातले काही जण सांगली-मिरजेला असतील, काही तासगाव-म्हैसाळला, काही पुण्यात, काही ठाण्यात नाहीतर थेट न्यू जर्सीत. पणजोबांची सर्कस होती हे तुमच्या घरात अजून कौतुकाने सांगत असतील, बाहेरच्या खोलीत वाघाशेजारी उभे असलेले पणजोबा फ्रेममध्ये असतील, आणि माळ्यावर एखाद-दोन पत्र्याच्या ट्रंका असतील ज्यांच्या किल्ल्या कधीच हरवल्यात. मला त्या ट्रंकांबद्दल बोलायचंय.

मी कोण, तर तुमच्यासारख्याच कुणाच्या तरी पणजोबांच्या तंबूत तारेवर चालणाऱ्या एका बाईची पणती. सर्कस कुठली ते इथे लिहीत नाही, कारण त्या घरातल्या एका माणसाने मला खूप मदत केली आणि दुसऱ्याने दारातूनच परत पाठवलं, आणि दोघांची नावं चव्हाट्यावर आणायची मला इच्छा नाही. पण हे पत्र त्या एका घरापुरतं नाहीच मुळी. भारतातली सर्कस आपल्या भागात सुरू झाली हे आपण एवढ्या अभिमानाने सांगतो ना, तर त्या सर्कशीत काम करणारी माणसं कोण होती, कुठून आली, त्यांची मुलंबाळं कुठे गेली हे शोधायला बसलं की कळतं की आपल्याकडे फक्त मालकांचा इतिहास आहे. कामगारांचा जो काही आहे तो तुमच्या माळ्यावर आहे. सरकारी कचेरीत नाही आणि आमच्या घरातही नाही.

विष्णुपंत छत्र्यांचंच घ्या. अंकलखोपचे, घोडे फिरवण्यात उस्ताद, ग्वाल्हेरला हद्दू खाँकडे गाणंही शिकून आलेले. १८७९ मध्ये मुंबईत किआरिनीची इटालियन सर्कस आली, ती बघून त्यांनी मनावर घेतलं आणि २० मार्च १८८० ला ग्रेट इंडियन सर्कसचा पहिला खेळ लागला. हे सगळं तारीखवार मिळतं. आता मला सांगा त्या पहिल्या खेळात झुल्यावर कोण होतं? लिहिणारे लिहितात की त्यांची बायको झुल्यावरची कामं करायची आणि जनावरंही शिकवायची. म्हणजे १८८० साली एका मराठी घरातली बाई सगळ्यांसमोर झुल्यावर चढतेय, ही काय साधी गोष्ट आहे का? पण बहुतेक लेखांत तिला नावच नाही, 'त्यांच्या पत्नी' म्हणून पुढे गेलेत. मालकाच्या बायकोची ही गत असेल तर तिच्या खाली जाळी धरणाऱ्यांची काय असणार.

याच सर्कशीबरोबर हद्दू खाँचे चिरंजीव, गवई रहिमत खाँ फिरत होते. ते कुठे कुठे राहिले, छत्र्यांनी त्यांना कसं सांभाळलं, शेवटी कुरुंदवाडला १९२२ मध्ये गेले, हे सगळं गाण्यावाल्यांनी नीट जपून ठेवलंय. छानच केलं. पण त्याच मुक्कामावर शेजारच्या राहुटीत जो घोड्यावर उभा राहून कोलांट्या मारणारा पोरगा असेल त्याच्याबद्दल एक ओळ नाही, कारण त्याच्यामागे घराणं नव्हतं, शिष्य नव्हते, आणि त्याच्या नातवंडांना तर आपण कुणाची नातवंडं आहोत हेच माहीत नाही.

आणि जे लिहिलंय तेही तपासून घ्यावं लागतं. इंग्रजीत बऱ्याच ठिकाणी तो पहिला खेळ 'कुर्डुवाडीच्या राजा'समोर झाला असं छापलंय. आता कुर्डुवाडी म्हणजे सोलापूर जिल्ह्यातलं रेल्वेचं जंक्शन, तिथे कुठला आलाय राजा? संस्थान होतं कुरुंदवाड, पटवर्धनांचं, कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळ. कुणीतरी एकदा चुकलं आणि बाकीच्यांनी उतरवून काढलं. एवढ्या प्रसिद्ध घटनेचं गाव चुकू शकतं, तर आमच्यासारख्यांच्या घरातल्या 'आजी मिरजेला जन्मली' वगैरे गोष्टींचा काय भरवसा, त्यावर पुढे येतेच.

आमच्या घरात पणजीबद्दल एवढंच माहीत होतं की मानमोडीच्या साथीत, म्हणजे १९१८ च्या इन्फ्लुएंझात तिचे आईवडील दोघं गेले, तेव्हा गावाजवळ सर्कशीचा मुक्काम होता आणि सर्कसवाल्यांनी तिला नेलं. नेलं म्हणजे काय ते कुणी सांगत नाही. दिलं का घेतलं का विकलं का ती आपणहून मागे गेली, प्रत्येक मावशी वेगळं सांगते. ती तारेवर छत्री घेऊन चालायची, पुढे बँडमध्ये कॉर्नेट वाजवणाऱ्याशी तिचं लग्न झालं, कुठल्या तरी राजाने तिला मेडल दिलं होतं. मेडलचं एक सांगते, मी आजवर ज्या ज्या सर्कसवाल्या घरांतल्या लोकांशी बोलले त्या प्रत्येक घरात एक मेडल होतं, प्रत्येक ठिकाणी राजा वेगळा, आणि मेडल कुणाकडेच नाही, सगळ्यांचं मोडीत गेलेलं. असो.

तर शोधायचं कसं? आपल्याकडे घराण्याचा शोध म्हणजे गाव. गाव माहीत असलं की तलाठ्याकडे जुने सातबारे, फेरफार, कोतवाल बुकात जन्ममृत्यूच्या नोंदी, शाळेचं जनरल रजिस्टर, देवाच्या पुजाऱ्याकडे काहीतरी, असं एकातून एक उलगडत जातं. म्हणजे आपली सगळी दप्तरं जागेवर बसलेल्या माणसासाठी बनवलेली आहेत. ज्याची जमीन नाही आणि जो दर पंधरा दिवसांनी नव्या गावात असतो त्याला या दप्तरांत जागाच नाही. पोर एका गावी जन्मतं, बारसं दुसऱ्या गावी, नोंद कुठेच नाही. त्यात मधे संस्थानांच्या हद्दी. आज आपण सांगलीहून कुरुंदवाडला जातो तेव्हा मधे काही लागत नाही, पण तेव्हा सांगली वेगळं, मिरज वेगळं, मिरज मळा वेगळं, कुरुंदवाडच्याही दोन पात्या, बाजूला कोल्हापूर, त्यांच्यात घुसलेला इंग्रजी मुलूख, आणि पूर्वेला गेलं की निजाम. १९४८-४९ मध्ये संस्थानं विलीन झाली तेव्हा कुणाचं दप्तर कुठे गेलं हा तर स्वतंत्रच विषय.

जनगणनेतून मिळेल म्हणावं तर तेही नाही. इंग्लंडमध्ये १९२१ पर्यंतच्या जनगणनेची घरोघरची पानं लोकांना बघायला खुली आहेत, त्यात मैदानावर गाड्यांमध्ये झोपलेल्या सर्कसवाल्यांची नावं, वयं, जन्मगावं सगळं मिळतं, आणि एकाच आईबापाची पाच पोरं पाच गावांत जन्मलेली दिसली की सर्कस त्या वर्षांत कुठून कुठे गेली तेही कळतं. आपल्याकडे घरोघरची पानं बघायला देतच नाहीत, १९४८ च्या जनगणना कायद्यातच तशी बंदी आहे. आपल्याला मिळतात ते फक्त आकडे, या जिल्ह्यात एवढे डोंबारी, त्या जिल्ह्यात एवढे कोल्हाटी.

मला पहिला धागा मिळाला तो नाशिकला, आणि तो कुणाला सुचत नाही म्हणून मुद्दाम लिहितेय. रामकुंडावर तीर्थोपाध्यायांच्या वह्या असतात, गावावार आणि आडनावावार, आपल्या घरातलं कोणी अस्थी घेऊन किंवा श्राद्धाला गेलं की त्या वहीत नाव, बापाचं नाव, भावांची नावं लिहून सही किंवा अंगठा. सर्कशीतला माणूस कितीही फिरला तरी बाप गेल्यावर कधी ना कधी गोदावरीवर जातोच. पणजोबांचं, म्हणजे त्या कॉर्नेटवाल्याचं, गाव आम्हाला माहीत होतं कारण ते घरंदाज बँडवाले, त्यांचे भाऊबंद अजून गावात आहेत. गुरुजींनी लाल कापडात बांधलेली लांबोडकी वही काढली, पानं उलटत गेले, आणि पणजोबांची मोडी लिपीतली सही निघाली, त्याखाली 'हल्ली मुक्काम' म्हणून गावाच्या जागी सर्कस कंपनीचं नाव. गावाच्या जागी! मला त्यावेळी हसूच आलं, पण खरं तर त्या माणसाने बरोबर उत्तर दिलं होतं, त्याचा पत्ता तोच होता. अशा वह्यांच्या हरिद्वारपासून अनेक ठिकाणच्या फिल्म अमेरिकेतल्या वंशावळी गोळा करणाऱ्या संस्थेने काढून ठेवल्यात, पण नाशिकला स्वतः जाण्यात जी मजा आहे ती स्क्रीनवर नाही, आणि गुरुजींना दक्षिणा द्यायला विसरू नका.

कंपनीचं नाव मिळालं म्हणून मालकांच्या घरापर्यंत पोचता आलं. एका शाखेत उत्तर मिळालं की 'कागद होते, घर पाडलं तेव्हा रद्दीवाल्याला दिले, पोस्टर तेवढी ठेवलीत'. दुसऱ्या शाखेतल्या एका वयस्कर काकांनी चहा दिला, तासभर माझी उलटतपासणी घेतली आणि मग म्हणाले, बघ बाई, उंदरांनी ठेवलं असेल तेवढं तुझं. त्यात पगाराची वही निघाली, १९३० सालची, कडेने कुरतडलेली. मी फोटो काढून आणले आणि मोडी येणाऱ्या एका बाईंना बसवून वाचून घेतले.

ती वही काय चीज आहे ते सांगते, म्हणजे तुमच्या ट्रंकेत असली तर ओळखू येईल. डावीकडे माणूस, मग काम, मग पगार, मग उचल, आणि शेवटी शेरा. वरच्या भागात मॅनेजर, रिंगमास्तर, बँडवाले यांची पूर्ण नावं गावासकट. खाली खाली नावं आखूड होत जातात. खुंटे ठोकणारे, कनाती बांधणारे नुसते 'खलाशी ४', 'खलाशी ५'. घोड्यांचा खर्च वेगळ्या पानावर, आणि त्या पानावर प्रत्येक घोड्याला नाव आहे. माझ्या पणजीला नाही. ती आहे 'तारवाली धाकटी', कारण तेव्हा कंपनीत तारेवर दोघी होत्या, आणि दुसरी 'तारवाली थोरली'. मी ते पान बराच वेळ बघत बसले होते. राग आला का तर आला थोडा, पण त्यापेक्षा जास्त काय वाटलं सांगू, की निदान इथे तरी ती आहे.

आणि मग श्रावणातल्या एका तारखेला शेऱ्यात ओळ आहे, तारवाली धाकटी, बाळंतपण, उचल सात रुपये हाली, आणि जामीन म्हणून कॉर्नेटवाल्याचं पूर्ण नाव. तेच नाव जे नाशिकच्या वहीत होतं. आजीचा जन्म श्रावणातला हे घरात सगळ्यांना पाठ, तिचा वाढदिवस गोकुळाष्टमीच्या आसपास करायचे. आता त्यात गंमत आहे ती 'हाली' या शब्दात. बाकी पानांवर नुसते रुपये आहेत, या तीन-चार पानांवर हाली लिहिलंय. हाली म्हणजे निजामाचं नाणं, इंग्रजी रुपया तो कलदार. म्हणजे तेव्हा तंबू निजामाच्या राज्यात होता. पुढच्याच पानावर 'गुलबर्गा स्टेशन हमाली' असा खर्च टाकलेला. म्हणजे आजी गुलबर्ग्याच्या आसपास जन्मली, मिरजेला नाही, आणि आम्ही मिरजेच्या कचेरीत जन्माचा दाखला शोधत हेलपाटे घालत होतो तिथे तो जन्मात मिळाला नसता. सात रुपयांच्या उचलीने आमच्या घराची नव्वद वर्षांची समजूत बदलली. आता तुम्हाला कळलं असेल मी त्या ट्रंकांच्या मागे का लागलेय.

हे नुसतं हौसेपुरतं असतं तरी मी लिहिलं असतं, पण तेवढंच नाहीये. तुमच्या कंपन्यांत कसरतीची कामं करणाऱ्यांत कितीतरी जण कोल्हाटी आणि डोंबारी समाजातले होते, दोरीवरचं आणि बांबूवरचं काम त्यांच्या हाडात होतं आणि तुमच्या पूर्वजांनी ते बरोबर हेरलं. आज त्या घरातल्या मुलाला जातीचा दाखला आणि व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणी समितीचं प्रमाणपत्र, काढायची झाली की भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा पुरावा मागतात, रहिवासाचा आणि जातीचा. घर नसलेल्या माणसाने रहिवासाचा पुरावा आणायचा! पणजोबा अमक्या साली कुठे होते, तर तंबूत. कुठल्या तंबूत, तर तुमच्या. मग त्याचा कागद कुणाकडे असणार? एखाद्या करारपत्रावर बापाचं नाव, जात, मूळ गाव लिहिलेलं असतं, ती ओळ त्या पोराच्या ॲडमिशनला उपयोगी पडू शकते. समिती ती धरेल का नाही हे मी सांगू शकत नाही, वकील सांगेल, पण कागदच नसेल तर वकील तरी काय करणार.

आणि जुने कागद शोधता येत नाहीत हे आता कुणी मला सांगू नये. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती बसली तेव्हा गावोगावची कोतवाल बुकं, शाळांची रजिस्टरं, मोडी दप्तरं बघता बघता बाहेर आली, स्कॅन झाली, लाखांनी नोंदी निघाल्या. त्याच्या राजकारणात मला पडायचं नाही. पण मनावर घेतलं की होतं एवढं दिसलं ना.

आता परदेशात बघा काय केलंय. शेफील्ड विद्यापीठात जत्रा आणि सर्कसचं वेगळं अभिलेखागार आहे, १९९४ पासून, फिरत्या खेळवाल्या कुटुंबांनी स्वतःचे अल्बम, हँडबिलं, हिशोब तिथे आणून दिलेत आणि लोक तिथे आपले पणजोबा शोधायला जातात. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या बाराबू गावी, जिथून रिंगलिंग भावांची सर्कस निघाली, तिथल्या म्युझियममध्ये रूट बुकं आहेत, म्हणजे त्या सीझनला सर्कस कुठल्या तारखेला कुठल्या गावी होती आणि कोण कोण कामाला होतं याची छापील वही. आपल्या दामू धोत्र्यांचंच उदाहरण घ्या ना. १९०२ चा जन्म, पुण्याचे, मामा तुकाराम शेलारांच्या सर्कशीत पोरवयात वाघ-सिंहांत वाढले, पुढे युरोपात गेले आणि १९४० मध्ये रिंगलिंगच्या रिंगणात उतरले. त्यांच्या अमेरिकेतल्या कामाच्या बातम्या, फोटो, जाहिराती घरबसल्या सापडतात. पुण्यात मामाच्या तंबूत त्यांच्याबरोबर जी बाकीची पोरं शिकत होती त्यांचं काय? ती परदेशात गेली नाहीत, म्हणून ती राहिली नाहीत, असंच म्हणायचं का?

केरळवाल्यांनी पण आपल्यापेक्षा बरं केलंय, हे कबूल करायला हवं. छत्र्यांची सर्कस १८८० च्या दशकात तलश्शेरीला गेली, तिथे कीलेरी कुञ्ञिकण्णन हे कसरतीचे गुरू भेटले, त्यांनी सर्कशीसाठी पोरं तयार करायचं मनावर घेतलं, १९०१ मध्ये शाळाच काढली. १९०४ मध्ये त्यांच्या शिष्याने, परियाली कण्णनने मलबार ग्रँड सर्कस काढली आणि तिथून पुढे सर्कस म्हणजे तलश्शेरी असं समीकरणच झालं. आज तिथे म्हाताऱ्या सर्कसवाल्यांना गावात मान आहे, कोण कुणाचा शिष्य हे लोक घडाघडा सांगतात. तुम्ही आपली मराठी सर्कसवाली माणसं शोधत असाल तर अर्धा रस्ता तिकडे जातो हे धरूनच चाला, आपल्याकडच्या कितीतरी कंपन्यांत झुल्यावरची माणसं मल्याळी होती, लग्नंही झाली, आणि मधेच आडनावं बदलतात. नावांवर तर विश्वासच ठेवू नका. तलश्शेरीचा कण्णन दोरीवरच्या कामाने जगभर गाजला तो 'बोंबायो' या नावाने, म्हणजे माणूस मलबारचा, नाव मुंबईचं आणि पोस्टर युरोपातलं. आपल्याकडे 'मिस' लावून जी काही नावं पोस्टरवर आहेत त्यांतली निम्मी तरी अशीच मॅनेजरने ठेवलेली असणार, आणि एक बाई सोडून गेली की तेच नाव दुसरीला, कारण पोस्टर आधीच छापून झालेलं. वंशावळ लावणाऱ्याने डोकं आपटायचं फक्त.

तुम्ही ट्रंका का उघडत नाही याचीही मला थोडी कल्पना आली आहे. एक म्हणजे भीती, की कागद बाहेर आले तर कुणीतरी हक्क सांगायला येईल, थकलेला पगार मागेल. मंडळी, सात रुपये हालीच्या उचलीवर व्याज मागायला कुणी येत नाहीये, आणि वही नीट वाचली तर देणं आमच्याच बाजूला निघेल, माझ्या पणजोबांच्या नावावर कायम उचल बाकी दिसते. दुसरं, जे तुम्ही बोलत नाही पण असतं, ते म्हणजे मुलांचं. पोरं कशी आणली, किती लहान होती, करारावर कुणाचा अंगठा होता. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने सर्कशीत मुलांना कामाला ठेवायला बंदी घातली, त्या वेळी पेपरात जे छापून आलं ते वाचून तुम्हाला वाटलं असेल की आता आपल्या आजोबांनाही लोक त्याच रांगेत बसवतील. काही जण बसवतील. माझं म्हणाल तर मला या बाबतीत एकच एक मत करताच येत नाही. ज्या वर्षी मानमोडीने घरंच्या घरं रिकामी केली त्या वर्षी आठ वर्षांच्या पोरक्या पोरीला दोन वेळचं जेवण आणि हातात एक कसब देणारा तंबू, आणि तीच पोर तारेवरून पडली तर पगार कापणारा तंबू, दोन्ही एकच होता. वहीत दोन्हीच्या नोंदी आहेत, पोरांच्या दुधाचा खर्च पण आहे आणि गैरहजेरीची कापाकापी पण. तुमच्या पणजोबांना देव करायचं किंवा राक्षस करायचं हे मला जमणार नाही, तुम्हीही करू नका.

तिसरी गोष्ट मात्र खरी आहे आणि तिथे तुमचं ऐकायलाच हवं. काही घरांना आपली आजी सर्कशीत होती हे बाहेर यायला नको असतं. बाई तोकड्या कपड्यात तारेवर चालायची म्हणून सोयरिकी मोडलेल्या घरांना मी भेटले आहे, तिथे आज पण दार लोटून घेऊन बोलतात. तेव्हा सगळं उचलून फेसबुकवर टाका असं मी म्हणत नाहीये, उलट टाकू नकाच. करारातली जात, लहान मुलांच्या आयांची नावं, कोणाचं मूल कोणाचं याच्या नोंदी, हे जो घरचा माणूस ओळख पटवून मागेल त्याला दाखवायचं. बाकी मुक्कामांच्या तारखा, जाहिराती, कंपनीचे हिशोब, ग्रुप फोटो खुले करायला काय हरकत आहे?

आमची मागणी फार नाही हो. ट्रंक उघडा, मधलं काही फेकू नका, एवढं आधी. सर्कशी एकेक करून बंद पडल्या, १९९८ मध्ये वाघ-सिंह-अस्वलं नाचवायला सरकारने बंदी घातली, कोर्टात ती टिकली, मग मुलं गेली, मग कोरोनात उरलेसुरले तंबू बसले, आणि प्रत्येक वेळी कंपनी मोडताना तंबू, जनरेटर, खुर्च्या विकल्या जातात आणि कागद जातो वजनावर. पोस्टर ठेवतात कारण पोस्टर देखणं असतं, त्याला आता हौशी गिऱ्हाईक पण आहे. वही कुणी ठेवत नाही. मला उलट हवंय, पोस्टर विका, वही ठेवा.

त्यानंतर फोटो. मोबाईलवर काढले तरी चालतील, खिडकीजवळ उजेडात, एक पान एक फोटो, कोरी पानं पण सोडू नका कारण क्रम चुकतो. मोडी आहे म्हणून घाबरू नका, पुण्या-कोल्हापुरात मोडीचे वर्ग चालतात, शिकलेल्या लोकांना वाचायला काहीतरी हवंच असतं. मूळ वह्या तुम्हीच ठेवा, पण एक प्रत पुण्याच्या नाहीतर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात देता आली तर बघा, संस्थानांची दप्तरं शोधायला लोक तिथेच जातात, दोन्ही शेजारी असलेली बरी. आणि तुमच्यातल्या दोन-चार घरांनी एकत्र बसून मुक्कामांची यादी केली, कुठल्या महिन्यात कुठल्या गावी तंबू होता एवढीच, केसरी-ज्ञानप्रकाशातल्या जुन्या जाहिराती आणि नगरपालिकांचे मैदान भाड्याचे ठराव ताडून, तर आमच्यातल्या किती जणांना आपल्या आजी-आजोबांचं जन्मगाव मिळेल याचा विचार करा. १९२३ पासून मुंबई इलाख्यात करमणूक कर होता, तिकिटांचा हिशोब सरकारला द्यावा लागायचा, त्याच्या पावत्या वहीत खोचलेल्या असतात. पावतीवर गाव असतं, तारीख असते. झटकून टाकू नका त्या.

आणि घरात कुणी ऐंशीच्या पुढचं असेल, आत्या, काकू, जुना मॅनेजर, ज्यांनी तंबू डोळ्यांनी बघितलाय, तर ग्रुप फोटो त्यांच्यासमोर ठेवा आणि मोबाईल रेकॉर्डिंगला लावून द्या. पहिल्या रांगेतले पाहुणे कोण हे विचारू नका, ते सगळीकडे छापलेलंय. मागच्या रांगेत डावीकडून सुरुवात करा. 'ही कोण', 'ही कुणाची', 'हिचं पुढे काय झालं'. आठवलं नाही तर नाही. टोपणनाव सांगितलं तरी लिहून घ्या, आम्हाला टोपणनावावरून पण माणूस सापडतो, 'तारवाली धाकटी'वरून सापडलाच की.

ज्या काकांनी मला वही दाखवली त्यांनी आता उरलेली ट्रंकही उघडायचं कबूल केलंय, दिवाळीनंतर, सुना-नातवंडं परत गेली की. किल्ली नाहीये, कुलूप तोडावं लागणार. तुमच्यापैकी कुणाला यायचं असेल तर या, कशा प्रकारचे कागद निघतात ते बघून तरी जाल. येताना मास्क आणा, धूळ भयंकर आहे.

तुमची,
एका तारवालीची पणती